कोऱ्या डिस्कची नक्कल

मुन्शीजींची डिस्क आपोआप खराब झाली नव्हती. ती मी पुसली. त्यांच्या सुनेने, रेखाने, चालू मशीनचं बटण बंद केलं म्हणून सगळं गेलं, असं त्यांच्या गावात गेली नऊ वर्षं समजलं जातं. तसं समजायला मीच लावलं. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. एकदा गमतीजमती सांगायला लागलो की नेमकी हीच गोष्ट गिळून टाकायची मला सवय आहे.

खरं तर संपादकांनी गमतीजमतीच मागितल्या होत्या. "पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताय, एकेक वल्ली भेटली असेल, दिवाळीसाठी हलकंफुलकं लिहा," असं ते फोनवर म्हणाले. वल्ली भेटल्या, नाही असं नाही. आदिलाबादच्या बाजारात कापसाचा हंगाम सुरू झाला की माझ्या दुकानाचाही हंगाम सुरू होतो. जिनिंगकडून उडणारी सरकी-कापसाची तूस मशीनच्या पंख्यात जाऊन बसते, पंखा अडतो, मशीन तापून बंद पडते. बाहेरगावाहून आलेला कंपनीचा माणूस एकदा माझ्या टेबलावर उघडलेली मशीन बघून म्हणाला होता, "ये कंप्यूटर है कि रजाई?" शेजारच्या मावला गावचे एक किराणा दुकानदार होते. दसऱ्याला मशीनची पूजा करायची म्हणून त्यांनी नारळ मशीनवरच फोडला. पाणी आत गेलं. मशीन घेऊन आले तेव्हा कळांवर हळदकुंकू होतं आणि चेहऱ्यावर राग होता. "पूजा केली तरी बिघडली," म्हणाले. मी म्हटलं, "पूजा केली म्हणूनच बिघडली, सेठ." त्यावर ते म्हणाले, "मंग मागच्या वर्षी काऊन नाही बिघडली?" मागच्या वर्षी नारळ कोरडा निघाला असेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं की या धंद्यात फार हुशारी लागते. हुशारी थोडी लागते. खरं भांडवल वेगळं आहे. गिऱ्हाइकाला आतलं काही दिसत नाही. शिंप्याने कापड चुकीचं कापलं तर ते अंगावर दिसतं. सुताराने दार वाकडं बसवलं तर ते रोज कुरकुरतं. आमचं कापणं आणि आमचं वाकडं बसवणं कोणालाच दिसत नाही. आम्ही जे सांगू ते खरं. "डिस्क गेली" हे दोन शब्द उच्चारले की समोरचा माणूस, मग तो वकील असो की मास्तर, मान खाली घालतो. एखाद्याचं माणूस गेल्यावर डॉक्टरशी वाद घालतात, आमच्याशी घालत नाहीत. मी हे दोन शब्द किती वेळा खरे बोललो आणि किती वेळा आळसाने, याचा हिशेब मांडायची हिंमत अजून नाही. मुन्शीजींच्या वेळी मात्र ते पूर्ण खोटे होते.

मला कॉम्प्युटरचा नाद होता, आजही आहे. दुकान हे पोटासाठी, नाद वेगळा. विंडोजऐवजी वापरतात ते लिनक्स फुकट मिळतं आणि मनासारखं वाकवता येतं, म्हणून मी त्याच्या प्रेमात पडलो होतो. इंटरनेटवर अशा नादिष्टांचे मंच असतात. जगभरातले लोक तिथे रात्रंदिवस वाद घालतात: फाइली साठवायची कुठली पद्धत जास्त सुरक्षित, डिलीट केलेली फाइल खरंच जाते का, आपली माहिती परक्याच्या मशीनवर ठेवावी का. आदिलाबादच्या बसस्टँडमागच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात बसून मीही तिथे हिरिरीने मतं मांडायचो. मला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. चित्रं आणि बटणं दाखवून काम करून देणारी साधनं मला बालिश वाटायची. खरा जाणकार काळ्या पडद्यावर एका ओळीत आज्ञा टाईप करतो, असं माझं म्हणणं असे. बटणांची साधनं दर वेळी विचारतात, "तुमची खात्री आहे ना?" काळा पडदा विचारत नाही. मला तो माणसाचा मान राखणारा वाटायचा.

आणि मला पेनड्राइव्हबद्दल मत होतं. ते पुढे येईलच.

मुन्शीजींचं नाव पुंडलिकराव, पण ते नाव फक्त मतदार यादीत होतं. गाव जैनथकडचं, पैनगंगेपासून जवळ. निजामाच्या काळातली शेवटची दोन-तीन वर्षं ते उर्दू शाळेत शिकले. वडील गावच्या पटवाऱ्याकडे लिखापढी करायचे, त्यांच्या हाताखाली बसून त्यांनी ती कचेरीतली घाईच्या हाताची, घसरती उर्दू वाचायला शिकून घेतली. पुढे आयुष्यभर शेती आणि भाजीपाला केला. पण आमच्या सीमेवरच्या गावांत घराघरांत ट्रंकेच्या तळाशी निजामाच्या काळातले उर्दू कागद पडलेले असतात: पट्टे, पहाण्या, वाटणीपत्रं, साक्षीपत्रं. जमीन आपली, कागद आपला, आणि त्यावर काय लिहिलंय हे घरात एकालाही कळत नाही. लोक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून मुन्शीजींकडे यायचे. ते कागद डोळ्यांपाशी नेऊन वाचायचे आणि मराठीत सांगायचे. घ्यायचे काही नाही. फार झालं तर कोणी दोडके ठेवून जायचं, तेही त्यांच्याच मळ्यात पिकत असताना.

हे सगळं लिहून ठेवावं, ही कल्पना रेखाची. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. नवरा बेल्लमपल्लीला खाणीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरात ती, सासरे आणि लहान मुलगी. कोणाकडून तरी जुनी मशीन आली होती, ती चालू करून घ्यायला ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. मराठी कळफलक मीच तिला बसवून दिला. तिने कळांचा नकाशा पुठ्ठ्यावर काढला आणि चुलीशेजारच्या भिंतीला लावला, म्हणजे भाकरी थापताना पाठ होईल. दोन महिन्यांनी आली तेव्हा माझ्यापेक्षा वेगाने टाईप करत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "हे मशीन चुकलं का लाल रेघ मारते. आमच्या मामाजीच्या समद्या शब्दाखाली रेघा. हे का मामाजीहून शहाणं व्हय?"

"त्याला ते शब्द माहीत नाहीत."

"मंग त्यानं शिकावं. मी नाही का शिकली?"

सासऱ्याला ती मामाजी म्हणायची. आमच्याकडे तसंच म्हणतात. दुपारी जेवणं झाली की मामाजी कागद वाचायचे आणि ती टाईप करायची. नुसतं भाषांतर नव्हतं ते. कागदात ज्या शेताचं नाव आहे ते आज कोणाकडे आहे, त्या बांधावर चिंच होती की मोह, साक्षीदार कोण आणि तो साक्षीदार कसा लबाड होता, हेही मुन्शीजी सांगायचे आणि ती तेही लिहायची. लबाडाच्या नावापुढे कंस करून लिहायची. सहा वर्षं हे चाललं. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडे परत जायचे. त्यातले किती वाळवीने खाल्ले आणि किती घराच्या छपरासोबत भिजले, कोण सांगणार.

मुन्शीजी दुकानात आले की मी त्यांना बसायला माझी खुर्ची द्यायचो आणि माझी मतं ऐकवायचो. ते शांतपणे ऐकायचे. रेखा मात्र म्हणायची, "भाऊ, तुमी बोलून राह्यले का मशीन बी झोपते." एकदा तिने सांगितलं की ती दर शनिवारी सगळं काम एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवते. मी तिला तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. पेनड्राइव्हवर कधी भरवसा ठेवू नये, तो कधीही मरतो, त्यातून व्हायरस येतात, हे अडाण्यांचं साधन आहे. मी तुम्हाला दुसरी डिस्क बसवून व्यवस्थित सोय करून देतो, म्हणालो. तिने माझं ऐकलं. पेनड्राइव्ह मुलीच्या गाण्यांसाठी देऊन टाकला. मी ती सोय वर्षभर करून दिलीच नाही.

मग मशीनमधून टिक टिक आवाज यायला लागला. डिस्कमध्ये असा आवाज येणं म्हणजे तिचे दिवस भरत आले. त्या वर्षी मुन्शीजींचे डोळेही गेल्यात जमा होते; काचबिंदू होता आणि दाखवायला उशीर झाला होता. एके दिवशी सकाळच्या बसने दोघं आले. रेखाने मशीन टॉवेलात गुंडाळून मांडीवर आणली होती. "आमी डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन येतो. चारपर्यंत होईन का?" तिने विचारलं.

"तीनलाच होईल," मी म्हणालो.

काम सोपं होतं. जुनी डिस्क आणि तेवढ्याच मापाची नवी, कोरी डिस्क, दोन्ही एका मशीनला जोडायच्या आणि जुनीची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवायची. काळ्या पडद्यावर एक ओळ. त्या ओळीत दोनच गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं. मशीन प्रत्येक डिस्कला एकेक नाव देते. जुनी डिस्क नेहमी पहिल्या वायरला असते, तिला पहिलं नाव मिळतं. पंधरा वर्षांची सवय. त्या दिवशी मशीन साफ करताना, तूस काढताना, मी वायरी सोडल्या होत्या आणि परत लावताना नवी डिस्क पहिल्या वायरला लागली. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. नावं तपासायला आणखी एक ओळ टाईप करावी लागते. मी ती टाईप केली नाही. कारण शेजारच्या पडद्यावर मंच उघडा होता आणि कोणीतरी माझ्या मताला मूर्खपणा म्हटलं होतं. वाद होता फाइली साठवायची कुठली पद्धत जास्त सुरक्षित, यावर.

आज्ञा देऊन मी वादाकडे वळलो. पुष्कळ वेळाने मान वळवून पाहिलं, नक्कल कुठवर आली बघायला, आणि सहज ती ओळ वाचली. मग डिस्कची नावं तपासली. मग पुन्हा वाचली.

कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरत होती. शाळेतल्या मुलाने लिहिलेली पाटी कोऱ्या पाटीसारखी दिसावी म्हणून ती ओल्या फडक्याने पुसावी, तसं.

मी थांबवलं. साधारण पाचवा हिस्सा पुसला गेला होता.

इथवर जे झालं ती चूक होती. हाताची, घाईची, घमेंडीची, पण चूक. या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, खाली बघेल; त्याच्याही हातून कधी ना कधी झालेली असते. पुढचं सांगतो ते चूक नव्हे.

पाचवा हिस्सा गेला म्हणजे सगळं गेलं, असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका आणि सुरुवातीची पानं फाटावीत आणि बाकीची पानं सुटी होऊन पडावीत, तशी ती डिस्क झाली होती. हैदराबादला अशी सुटी पानं गोळा करून देणारे लोक आहेत. बरंचसं निघालं असतं. बहुतेक निघालं असतं, असं आज मला वाटतं. पण ते लोक अहवाल देतात. सुरुवातीचा भाग शून्यांनी भरलेला आहे, हे त्यांनी लिहिलं असतं आणि डिस्क आपण होऊन शून्यांनी भरत नाही, हे त्यांनी फोनवर सांगितलं असतं. मला ओळखणारे लोक तिथे होते. मंचावर माझं नाव होतं. मुन्शीजी गावोगाव सांगायचे की आदिलाबादेत कॉम्प्युटर समजणारा एकच माणूस आहे.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिलो. मग तीच आज्ञा पुन्हा दिली. या वेळी दोन्ही नावं नीट तपासून.

पुढचे दोन तास डिस्क शेवटापर्यंत पुसली जात होती. मधून मधून तिचा टिक टिक आवाज येत होता. त्या दोन तासांत मी मंचावरचं माझं उत्तर पूर्ण केलं. पुष्कळांनी त्याला दाद दिली.

ते दोघं चारच्या सुमारास आले. रेखाने सासऱ्यांचा हात धरून त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. मुन्शीजींनी काळा चष्मा लावला होता.

"डॉक्टर म्हणते, गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "उरलं तेवढं सांभाळा म्हणते. म्या म्हटलं, बापा, माझं समदं मशीनमंदी हाय. आता डोळे गेले तरी काही हरकत नाही. काय म्हणते आमची मशीन?"

"मुन्शीजी, डिस्क गेली."

"गेली म्हंजे?"

"आतून खराब झाली. मी सगळे उपाय केले. काही निघत नाही."

"आवो, काल तं चालू होती. काल संध्याकाळी हिनं दोन कागद टाकले त्याच्यात."

त्यांचा तो चष्मा माझ्याकडे रोखलेला होता. मला पुढचं काही विचारलं जायला नको होतं. मी म्हणालो, "चालू असताना कोणी बोर्डाचं बटण बंद केलं होतं का?"

प्रश्न बरोबर होता, हेच त्यातलं विष होतं. वीज अचानक गेल्याने डिस्क खराब होऊ शकते, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. आणि कुठल्या घरात कोणी कधी बटण बंद करत नाही?

रेखा म्हणाली, "मी केलं वाटते जी. सोमवारी. झाडून राह्यली होती तं... मशीन चालू होती का बंद, ध्यान नाही राह्यलं."

"तेच असणार. असं लगेच दिसत नाही, मागून कळतं," मी म्हणालो.

मुन्शीजी ओरडले नाहीत. उठायला हात पुढे केला. तिने धरला. दाराच्या पायरीवर ते थांबले आणि तिच्याकडे तोंड न वळवता म्हणाले, "सहा वर्सं बोललो मी बाई. तू एका बटनात मिटवलं."

मी नवी डिस्क बसवून मशीन ऑटोत ठेवून दिली. रेखाने जाताना मला विचारलं, "भाऊ, हैदराबादले नेलं तं?" मी म्हणालो, "उपयोग नाही ताई." तिने मान हलवली. टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला.

पुढे दोन वर्षांनी मुन्शीजी गेले. मी मयताला गेलो नाही. दुकानात काम होतं, असं मी घरी सांगितलं.

त्यानंतर मी मतं मांडणं बंद केलं, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी मंचावर लिहीत राहिलो, उलट जास्तच. लोकांना सांगत राहिलो की महत्त्वाचं काहीही दोन ठिकाणी ठेवा, तिसऱ्या ठिकाणीही ठेवा. दुकानात गिऱ्हाइकांना पेनड्राइव्ह स्वतःहून द्यायला लागलो. नावं तपासल्याशिवाय आज्ञा देत नाही. हे सगळं खरं आहे आणि याचा त्या घराला काडीचाही उपयोग नाही.

काही प्रश्न मात्र मला सोडत नाहीत. यंत्राने माणसाला "खात्री आहे ना?" असं विचारावं का? पूर्वी मला तो अपमान वाटायचा. आता वाटतं, विचारलं असतं तरी पहिल्या वेळी मी न वाचता "हो" दाबलं असतं, सगळेच दाबतात. आणि दुसऱ्या वेळी माझी पूर्ण खात्री होती. दुसऱ्या वेळेसाठी कोणी काय सोय करणार? आजकाल लोक फोन पुढे करून दाखवतात की आता यंत्राला काहीही विचारा, ते कुठलीही भाषा वाचतं. एका गिऱ्हाइकाच्या घरातला जुना उर्दू कागद मी त्याला दाखवून पाहिला. छापील शिक्का त्याने वाचला. हाताने लिहिलेल्या ओळींच्या जागी त्याने मोठ्या आत्मविश्वासाने काहीतरी भलतंच लिहून दिलं. खोटं इतक्या सफाईने बोलताना बघून मला आधी हसू आलं, मग नाही आलं. आणि समजा, उद्या ते वाचायला शिकलंही; चिंच कुठल्या बांधावर होती आणि साक्षीदार लबाड होता, हे कागदावर लिहिलेलं नव्हतंच.

या वर्षी, सोयाबीन काढायच्या आधी, मुन्शीजींच्या गावचे गजाननराव बायकोला घेऊन दुकानात आले. मुलीच्या अभ्यासासाठी मशीन घ्यायची होती. मी एक चालू करून दाखवली. त्यांच्या बायकोने कौतुकाने हात पुढे केला तसे गजाननराव ओरडले, "ए, हात नोको लावू! मुन्शीची सून व्हय का तू?"

ती हसली. तेही हसले. मी विचारलं, "म्हणजे काय?"

"आमच्या गावात म्हणतेत तसं," ते म्हणाले. "कोनाच्या हातून काही बिघडलं का, मुन्शीची सून. दूध उतू गेलं, मुन्शीची सून. परवा पंपाची मोटर जळली तं लाइनमनले बी आमी तेच म्हटलं."

"तिच्या पोरीले बी शाळेत चिडवतेत बिचारीले," त्यांची बायको म्हणाली. "अन् ते बाई काही बोलत बी नाही. बोलन काय? तिनं केलं तं हायच."

मी त्यांना मशीन दिली आणि ते गेले. एक माणूस नऊ वर्षं गावाच्या म्हणीत राहतोय आणि ती म्हण मी माझ्या दुकानात, एका वाक्यात बनवली. मला वाटलं होतं, एका घरात एक दुपार वाईट गेली. रोज उतू जाणाऱ्या दुधात तिचं नाव घेतलं जातं, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला जैनथची बस पुरेशी होती.

तरीही मला जायला तीन आठवडे लागले. एकदा पाऊस, एकदा ताप, एकदा बस सुटली. ताप खरा होता.

गेलो तेव्हा रेखा अंगणात सुपात ज्वारी घोळत होती. कानाशी केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं. मी पाणी हातात धरूनच सगळं सांगितलं. वायर, काळा पडदा, पाचवा हिस्सा. मग दुसऱ्यांदा दिलेली आज्ञा. त्यासाठी मी वाक्य घरून पाठ करून आलो होतो, पण ते तसं बाहेर आलं नाही.

तिचं सूप थांबलं नाही. दाणे उडत आणि पडत राहिले. तिने विचारलं, "किती वाजता झालं हे?"

"पहिल्यांदा बारा-साडेबाराला."

"मंग आमी चारले आलो तवा तुमाले मालूम होतं."

"हो."

"मी बोलली का मी बटन दाबलं, तवा बी?"

"तेव्हाही."

"हैदराबादचं इचारलं तवा?"

"हो."

आता तिने सूप खाली ठेवलं. "भाऊ, मी त्या सोमवारी बटन दाबलं का नाही, हे मले खरंच मालूम नाही. तुमी इचारलं म्हणून मले आठवल्यासारखं झालं. मंग रोज आठवून आठवून इतकं पक्कं झालं का आता मले दिसते मी दाबतानी. हातातला झाडू बी दिसते." ती माझ्याकडे बघत होती. "मामाजी जाईपर्यंत माझ्याच हातचं जेवले. रागावले नाही कधी. पण कोनी कागद घेऊन आलं का म्हणत, आता काही होत नाही बापा, जा. मी बाजूले उभी राहो. मामाजीनं एक खेपही नाही म्हटलं, बस बाई, जेवढं आठवते तेवढं लिहू. मी वाट पाह्यली. मशीन झाकून ठेवली होती मी, नवी डिस्क टाकून देली होती ना तुमी."

मी म्हणालो, "रेखाताई, माझं चुकलं. मला माफ..."

"इथं नोका मागू," तिने मला मध्येच थांबवलं. "इथं कोन हाय ऐकाले? कोंबड्या?"

ती उठली, पदर खोचला, पायात चपला घातल्या. "चला."

बसथांब्याजवळ चहाचं हॉटेल आहे. आदिलाबादची पाचची बस यायची होती, त्यामुळे आठ-दहा माणसं बसलेली होती. गजाननराव होते. मला बघून ते खुशीत उठले, "अरे, आवो सायब! मशीन मस्त चालून राह्यली. बसा, चहा सांगतो."

"चहा मंग," रेखा म्हणाली. ती हॉटेलच्या खांबापाशी उभी राहिली, बायका तिथे आत येत नाहीत म्हणून. "आधी यांचं आयका. समदे आयका. बोला भाऊ."

कोणीतरी हळूच काही म्हणालं आणि दुसरा हसला. गजाननरावांनी त्यांना गप्प केलं. मी उभा होतो. वीस-पंचवीस वर्षं मी लोकांना यंत्राबद्दल समजावून सांगत आलो होतो, सोपं करून, उदाहरणं देऊन. त्या वेळी एकही उदाहरण सुचलं नाही.

मी म्हणालो, "मुन्शीजीची डिस्क मी पुसली. माझ्या दुकानात, माझ्या हातानं. आधी चुकून पुसली. मंग वाचवता येत होतं तं माझी चूक झाकाले पुरी पुसली. अन् खोटं बोलून हिच्यावर टाकलं. हिनं काही केलं नाही. मुन्शीजीले हे सांगायचं राहून गेलं, ते आता होत नाही. रेखाताई, तुमच्यासमोर, या समद्यांसमोर सांगतो. मी नऊ वर्सं चूप राह्यलो. मले माफ करा."